सत्तावीस वर्षांचे युद्ध आणि आपले बऱ्हाणपूर



२०२५च्या मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्री-अपरात्री दिवे हलू लागले. आपल्यापैकी काहींनी ते पाहिले, बाकीच्यांनी वर्तमानपत्रांत वाचले. महामार्गाच्या कामात उकरलेली माती शेतात पडली होती आणि त्या मातीत मोगलांची सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली होती. महिनाभरापूर्वीच 'छावा' हा चित्रपट लागला होता आणि त्यात आरंभीच बऱ्हाणपूरची लूट आहे. मग काय, कुदळी आल्या, चाळण्या आल्या, धातू शोधायची यंत्रेसुद्धा आली. शेवटी प्रशासनाला लक्ष घालावे लागले.

मला आधी हसू आले, आणि मग ते मावळले. तीनशे सव्वातीनशे वर्षांपूर्वी संपलेले युद्ध आजही माणसांना रात्रीचे घराबाहेर काढते, ही काही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नाही. त्याच दिवसांत माझा नातू तो चित्रपट पाहून आला. शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी, अशी आपल्या सगळ्या मुलांची गत. लुटीच्या प्रसंगाला थिएटरात टाळ्या पडल्या, त्यानेही वाजवल्या. रात्री जेवताना मात्र त्याने विचारले, "आजोबा, त्यात आपण कोण? लुटणारे की लुटले गेलेले?"

मी त्याला तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याचे गाव आणि त्याची भाषा एकाच बाजूला उभी आहेत. आपले तसे नाही. आपण मराठी बोलतो, शिवजयंती करतो, आणि राहतो त्या शहरात जे दोन शतके दक्षिणेवर चालून जाणाऱ्या फौजांचे कोठार होते. डोईफोडियासारख्या सीमेवरच्या गावी हे सांगायला मला अधिकच बरे वाटते. या गावाच्या नावाचा अर्थ मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. ज्याने ठेवले त्याने कशावरून ठेवले ते त्याचे त्याला ठाऊक, पण युद्धावरच्या व्याख्यानाला याहून साजेसे गाव मला तरी सापडले नसते.

आपल्या भूगोलाने आपले नशीब लिहिले. नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये सातपुड्याची भिंत आहे, त्या भिंतीत एक वाट आहे, आणि त्या वाटेवर असीरगड बसला आहे. उत्तरेची फौज दक्षिणेत यायची तर बहुधा याच दाराने. अकबराने १६०१च्या जानेवारीत, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, फारुकी सुलतानांकडून हा गड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन सुभेदारीचे ठाणे झाले. शहर एकदा छावणीचे झाले की त्याची भरभराट आणि त्याची धूळधाण एकाच वाटेने येते. अब्दुर्रहीम खानखानान येथे राहिला, डोंगरातले पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारा कुंडी भंडारा त्याच्याच काळात बांधला गेला. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो येथेच शाहजादा परवेझला भेटला. आणि तोच खानखानान १६२०च्या सुमारास मलिक अंबरच्या फौजांनी वेढलेल्या याच शहरात अडकून पडला. अंबरच्या त्या फौजांत मराठी बारगीर होते. म्हणजे आपल्या पूर्वजांपैकी काहींनी बऱ्हाणपूरचा तट पहिल्यांदा पाहिला तो बाहेरून, घोड्यावर बसून.

१६३० ते १६३२ हा काळ तर विसरण्याजोगा नाही. शाहजहान निजामशाहीवर आणि खानजहान लोदीवर मोहीम करायला मार्च १६३०मध्ये येथे येऊन बसला. त्याच वर्षी पाऊस गेला. गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे अन्न तुटले. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेवर प्रेते इतकी होती की तंबू ठोकायला जागा मिळू नये, अशी त्याची नोंद आहे. आणि त्याच वाटेने बादशाही छावणीसाठी धान्याचे तांडे चालले होते. आपल्या भाषेत 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द आहे, तो कोणा कवीने यमकासाठी जुळवलेला नाही. आभाळ आणि राजा दोघे एकाच वर्षी कोपले म्हणजे काय होते ते तापीकाठाने त्या दोन वर्षांत पाहिले. तिकडे देहूला याच दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली; त्यांनी स्वतः ते अभंगात सांगितले आहे. इकडे जून १६३१मध्ये मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी पुरले ते तापीपलीकडच्या जैनाबादेत. पुढे आग्र्यास ताजमहाल झाला तो सर्व जगाला माहीत आहे. छावणीत बाळंत होऊन मेलेली बाई, एवढाच तिचा आपल्या विषयाशी संबंध. युद्धाच्या याद्यांत अशा मृत्यूंचा रकाना नसतो. तुकोबांच्या घरच्या मृत्यूचा तर नाहीच नाही.

आता मुख्य युद्धाकडे येऊ.

त्याआधी १६७०च्या अखेरीस प्रतापराव गुजरांनी बहादुरपुरा लुटला होता आणि खानदेशातल्या गावांच्या पाटलांकडून चौथाईच्या लेखी कबुल्या घेतल्या होत्या. पण खरे सत्तावीस वर्षांचे पर्व सुरू झाले ते १६८१च्या जानेवारीच्या शेवटी. संभाजीराजांना राज्यावर येऊन वर्षही झाले नव्हते. हंबीरराव मोहित्यांच्या फौजा मोठी मजल मारून अचानक बऱ्हाणपूरवर आल्या. शहरात सुभेदार नव्हता, नायबाजवळ दोनशेच्या आसपास माणसे होती. तटाच्या आतले शहर वाचले. बाहेरचे पुरे, त्यांत सराफ-सावकारांचा श्रीमंत बहादुरपुरा आणि आणखी सतरा, तीन दिवस लुटले गेले. नेता येण्याजोगे सोने, रूपे, जवाहीर नेले, जड होते ते टाकून दिले. खाफीखान हा मोगली इतिहासकार सांगतो की कित्येकांनी अब्रू जाण्याच्या भयाने बायकामुलांना आपल्या हातांनी मारले. खाफीखान पक्षपाती आहे हे मान्य. पण शहराबाहेरच्या पुऱ्यांत राहणारे विणकर, रंगारी, सोनार, वाणी हे कुठल्याच बादशहाचे सैनिक नव्हते, हेही तितकेच खरे.

मोहिमेची कारणेही खरी होती. औरंगजेबाने १६७९ साली जिझिया बसवला होता आणि तो या शहरातही वसूल होत होता. शत्रूचे कोठार फोडणे हे युद्धशास्त्र आहे, आणि स्वराज्याच्या तिजोरीला त्या सोन्याची गरज होती. मी माझ्या नातवाला हे दोन्ही सांगेन. एक सांगून दुसरे झाकणे मला आता या वयात जमायचे नाही.

या लुटीनंतर बऱ्हाणपूरच्या मौलवींनी बादशहाला अर्ज केला: रयतेचे रक्षण होत नसेल तर शुक्रवारच्या नमाजात तुमच्या नावाचा खुतबा कसा वाचावा? शाहजादा अकबर बंड करून संभाजीराजांकडे गेला होताच. औरंगजेब अजमेरहून निघाला आणि नोव्हेंबर १६८१मध्ये बऱ्हाणपुरात दाखल झाला. साडेतीन महिने तो येथे होता. १६८२च्या फेब्रुवारीच्या अखेरीस तो औरंगाबादेकडे निघाला तेव्हा वय त्रेसष्टच्या पुढे होते. तापीच्या उत्तरेला तो पुन्हा जिवंत गेला नाही. १७०७च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादेत पुरला गेला.

सत्तावीस वर्षे. युरोपचा इतिहास वाचणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. इसवी सनापूर्वी ४३१ ते ४०४ असे अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्धही सत्तावीस वर्षेच चालले. थ्युसिडिडीझने त्याचा इतिहास लिहिला. तो स्वतः त्या युद्धातला सेनापती होता आणि एका अपयशापायी हद्दपार झाला होता. मध्ये तहाची वर्षे गेली तरी ते सगळे एकच युद्ध होते, असा त्याचा आग्रह. आपल्या युद्धालाही असा एक लिहिणारा मिळाला आणि तो आपल्या गावचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? भीमसेन सक्सेना. जन्म १६४९, बऱ्हाणपूर. कायस्थ, घराणे मोगली दप्तरातले, वडील तोफखान्याच्या हिशेबाचे काम करणारे. पुढे तो दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिला आणि 'तारीख-इ-दिलकुशा' हा फारसी ग्रंथ लिहून गेला. दलपतराव १७०७मध्ये जाजऊच्या लढाईत पडला आणि भीमसेनाची चाकरी संपली.

भीमसेन सेनापती नव्हता, हिशेबनीस होता. म्हणूनच तो मला थोर वाटतो. तलवारबाजीची वर्णने कोणीही करील. भीमसेन सांगतो की मनसबदारांना दिलेल्या जहागिरींतून वसूल येईनासा झाला, कारण तिथला वसूल मराठे आधीच घेऊन जात. रयतेने नांगर टाकून हत्यार आणि घोडे जमवले आणि ती मराठ्यांना मिळाली. बादशहा शहरात राहतच नाही म्हणून सरदार-शिपायांनी बायकामुले छावणीत आणली; तंबूत जन्मलेली मुले तंबूतच मोठी झाली, म्हातारी झाली, आणि जगात तंबूवाचून दुसरा निवारा असतो हे न कळताच गेली, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. लांबलेले युद्ध म्हणजे काय, याचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही. युद्ध ही घटना राहत नाही, तो पत्ता होतो.

ती छावणी तरी केवढी! जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाला भेटला. छावणीत पाच लाख माणसे आहेत आणि तिचा घेर तीस मैल आहे, असे त्याला सांगण्यात आले. आकडा फुगवलेला असेल, पण निम्मा धरला तरी त्या भागातल्या गवताचे, लाकडाचे आणि धान्याचे काय झाले असेल याची कल्पना शेतकऱ्याच्या मुलाला करता येते. मनुची या दुसऱ्या इटालियनाचा अंदाज असा की या युद्धात दरसाल लाखभर माणसे आणि तीन लाख जनावरे मरत, आणि १७०२ ते १७०४ या काळात रोगराई व दुष्काळाने दख्खनेत वीस लाख लोक गेले. हा अंदाजच आहे, खानेसुमारी नव्हे. तरी दुप्पट-निमपट केली तरी अर्थ बदलत नाही.

मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर दृश्य वेगळे दिसते, आणि ते विलक्षण आहे. मार्च १६८९मध्ये संभाजीराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बालशाहू कैदेत गेले. राजाराम जिंजीला, म्हणजे पार तमिळ मुलखात. राजा दूर, राजधानी शत्रूकडे, खजिना नाही. पुस्तकी हिशेबाने राज्य तिथेच संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव आणि १७०० नंतर ताराबाई यांनी लढाई राजाच्या नावाने पण राजावाचून चालवली. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्या शतवार्षिक युद्धाने 'आपण फ्रेंच' आणि 'आपण इंग्रज' ही जाणीव पक्की केली असे म्हणतात. मराठी राज्य ही भोसल्यांची दौलत न राहता लोकांची गोष्ट झाली ती या अठरा-एकोणीस वर्षांत, असे माझे मत आहे.

पण त्याची किंमत त्याच वेळी ठरली, आणि ती आपण पुढे शंभर वर्षे फेडली. खजिना नसेल तर शिपायाला द्यायचे काय? जमीन. शिवाजीमहाराजांनी वतनांना आणि जहागिरींना जो लगाम घातला होता तो राजारामांच्या काळात सैल करावा लागला. नाइलाज होता, कारण औरंगजेब पलीकडे वतनांचीच लालूच दाखवत होता. १६९१मध्ये राजारामांनी हणमंतराव घोरपड्यांना दिलेले आश्वासन मोठे बोलके आहे. सरंजामाची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळायची: इतकी रायगड प्रांत घेतल्यावर, इतकी विजापूर, इतकी भागानगर, इतकी औरंगाबाद, आणि उरलेली मोठी रक्कम दिल्ली घेतल्यावर! स्वतः जिंजीत कोंडलेला राजा दिल्लीवर वराता लिहून देतो. वाचताना ऊर भरून येतो. पण जरा थांबून पाहिले की कळते, की युद्ध चालू राहिले तरच ज्यांचे पोट भरेल अशा लोकांचा एक वर्ग या कागदांनी उभा राहिला. पेशवाईत दरसाल दसऱ्याला सीमोल्लंघन का करावे लागे, थोरल्या बाजीरावांची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे कर्जाच्या रडगाण्याने का भरली आहेत, याचे मूळ इथे आहे.

आता वाङ्मयाकडे वळतो. वाङ्मय मंडळाच्या व्यासपीठावर इतका वेळ त्याच्याशिवाय काढला याची क्षमा असावी.

युद्ध आणि साहित्य म्हटले की आपल्याला पोवाडा आठवतो. पण अज्ञानदासाचा अफजलखानाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हे छोट्या, झटपट निकाल लागलेल्या प्रसंगांचे आहेत. एका दिवसाची, एका रात्रीची गोष्ट. सत्तावीस वर्षांचा पोवाडा कोण रचणार आणि कोण ऐकणार? लांबलेल्या युद्धाने मराठीला जे दिले ते गद्य. जिंजीचा वेढा सात-आठ वर्षे चालला. त्या वेढ्याच्या काळात राजारामांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिले. सभासदाची बखर वाचताना हे डोळ्यांपुढे ठेवा की लेखक कोंडलेला आहे, रायगड हातचा गेला आहे, आणि तो गडांची, कारखान्यांची, घोड्यांची, कापडाची, नाण्यांची यादी करतो आहे. त्या याद्या अभ्यासक माहितीसाठी वाचतात. मला त्या घर जळालेल्या माणसाने घरात काय काय होते ते आठवून लिहावे तशा वाटतात. आणि गंमत अशी की तटाच्या बाहेर, वेढा घालणाऱ्या मोगली फौजेत, दलपतराव बुंदेल्याबरोबर आपला भीमसेन येऊन राहून गेला. एकाच वेढ्याच्या आत एक लेखक आणि बाहेर एक. दोघेही कारकून पेशाचे, दोघेही मागे काय उरले याचा जमाखर्च मांडणारे.

युद्ध संपल्यावर, १७१५-१६च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' झाले. वतनदारांवर किती विश्वास ठेवावा, टोपीकरांना किनाऱ्यावर पाय का रोवू देऊ नये, गडाची व्यवस्था कशी असावी, हे सगळे त्यात आहे. पण मी थांबतो ते आरमाराच्या लाकडाच्या प्रकरणापाशी. जहाजांना लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला भाव आहे. पंचवीस-तीस वर्षे युद्धाचा कारभार पाहिलेल्या माणसाने शेवटी आंब्याच्या झाडाची काळजी करावी, हे सहज घडलेले नाही. त्याने किती तोडलेली पाहिली असतील!

आणि आता मला खरे जे सांगायचे आहे ते. १६९५ ते १६९९ औरंगजेबाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता. तिथून पंढरपूर फार लांब नाही. त्याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, नाझऱ्याचे श्रीधरस्वामी लिहीत बसले होते. 'हरिविजय' पूर्ण झाला शके १६२४मध्ये, म्हणजे १७०२ साली. 'रामविजय' १७०३ साली. मनुची ज्या दोन वर्षांत वीस लाख माणसे मेली म्हणतो, त्याच वर्षांत! पुढे १७१२ला 'पांडवप्रताप'. पंडितांनी श्रीधराला कधी फार मोठा कवी मानले नाही. पण शहर असो की खेडे, मराठी घरात चातुर्मासात जे वाचले गेले ते हे तीन ग्रंथ. आमच्या आजीला अक्षरओळख होती ती 'रामविजया'पुरती. वर्तमानपत्र तिला वाचता येत नसे, असे आम्ही तिला चिडवायचो. लंकेच्या युद्धाचे अध्याय आले की शेजारच्या बायका विणकाम-निवडटिपण घेऊन ओट्यावर जमत. लहानपणी वाटायचे की या सगळ्यांना राक्षस मारलेले आवडतात. आता वाटते, श्रीधराच्या पहिल्या श्रोत्यांनी ते अध्याय कसे ऐकले असतील? बाहेर युद्ध चालू आहे, ते कधी संपेल याचा पत्ता नाही, बापाच्या काळी सुरू झाले आणि मुलाच्या काळी चालू आहे. आणि पोथीतले युद्ध मात्र संपते. रावण पडतो, वनवासी माणसे घरी येतात, राज्याभिषेक होतो, पाऊस वेळेवर पडतो. त्या ग्रंथांत औरंगजेबाचे नाव नाही. पण त्या युद्धाचे सर्वांत मोठे वाङ्मय कोणते असे मला कोणी विचारले तर मी बखरींच्या आधी 'रामविजया'चे नाव घेईन. जर्मनीतही तीस वर्षांच्या युद्धातून ग्रिमेल्सहाउझेनची कादंबरी आली तशी पाउल गेऱ्हार्टची भक्तिगीतेही आली, आणि लोकांच्या तोंडी अधिक राहिली ती गीतेच.

भाषेतही ते युद्ध अजून मुक्कामाला आहे. 'धामधूम' म्हणजे जुन्या कागदांत फौजांचा उच्छाद. आपण लग्नाची धामधूम करतो. 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीस मिळवणे. आपण बसमध्ये गर्दी म्हणून कुरकुरतो. 'स्वारी' निघायची ती मुलखावर. पुढे घरातल्या कर्त्या पुरुषालाच बायका 'स्वारी' म्हणू लागल्या, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते त्याच जाणोत. 'दुअमली' हा शब्द मात्र आता मागे पडला. एकाच गावावर दोन सत्तांचा अंमल, आणि दोघांचेही वसुलीदार दारात. १७१९च्या सनदांनंतर दख्खनच्या सहाही सुभ्यांत, खानदेशात अर्थातच, निजामाचा माणूस वेगळा आणि चौथाई-सरदेशमुखीचा मराठ्यांचा कमाविसदार वेगळा, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. लुटणारे आपण की लुटले गेलेले आपण, या प्रश्नाला त्या काळच्या खानदेशी पाटलाने बहुधा एकच उत्तर दिले असते: दोघांनाही पावती मागून ठेवा.

अठरावे शतक आता भराभर सांगतो. १७२०मध्ये निजामुल्मुल्काने असीरगड आणि बऱ्हाणपूर घेतले. १७४८मध्ये तो बऱ्हाणपूरजवळच वारला. थोरले बाजीराव १७४०च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले, तेही मोहिमेच्या तळावर. १७६०च्या आरंभी उदगीरच्या विजयानंतरच्या तहात बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. दीडशे वर्षे बाहेरून पाहिलेल्या शहराचे आपण मालक झालो. आणि वर्ष पुरे होते न होते तोच पानिपत झाले. पानिपताची बातमी नानासाहेबांना भिलसे मुक्कामी कळली ती एका सावकारी पत्रातून: मोती, मोहोरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते चार ओळींचे पत्र शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. मराठीतले युद्धावरचे सर्वांत गाजलेले वाक्य कवीचे नाही, पेढीवरच्या लेखनिकाचे आहे. त्यातही खुर्द्याची गणती नाही, असेच तो सांगतो. ज्यांची गणती नव्हती त्यांच्या घरच्या गोष्टी कुठे आल्या? थोड्याशा नाना फडणिसांच्या आत्मचरित्रात. त्यांची आई त्या धावपळीत हरवली, ती पुन्हा मिळाली नाही. आणि बऱ्याचशा लावणीत. पती मोहिमेवर गेलेल्या बाईची विरहाची लावणी आपण शृंगार म्हणून ऐकतो. ते युद्धाचेच काव्य आहे. दसऱ्याला गेलेला माणूस पावसाळ्यापूर्वी परत येतो की नाही, हा त्यातला प्रश्न अलंकाराचा नव्हता.

शिंद्यांच्या अमलात आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांचे मूळ पुरुष इकडे आले. कोणी कमाविसदाराबरोबर, कोणी भिक्षुकीला, कोणी शिबंदीत. नंतर दुष्काळाने, कापसाच्या भावाने आणि रेल्वेने आलेले वेगळे. १८०३च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, तहात शिंद्यांना परत दिले. शेवटचा अंक १८१९चा. पेशवाई बुडाली होती. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हातून निसटून असीरगडाच्या आसऱ्याला आले होते. किल्लेदार यशवंतराव लाड. इंग्रजांनी गडाला वेढा दिला, तोफा डागल्या, आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड खाली झाला. गडावर दौलतराव शिंद्यांचे एक पत्र सापडले. उघडपणे शिंदे इंग्रजांचे दोस्त होते आणि किल्ला द्यायला सांगत होते. पत्रात मात्र पेशव्यांचा हुकूम मानावा असे किल्लेदाराला कळवलेले होते. लाडाने कोणता हुकूम मानला ते आपण जाणतोच. मराठ्यांच्या इंग्रजांशी झालेल्या युद्धातली शेवटची तोफ पुण्याला नाही, सातारला नाही, आपल्या असीरगडावर थंड झाली.

युद्ध थांबले तेव्हा शांतता आली असे मात्र नाही. सगळा मुलूख बेकार शिपायांनी भरलेला होता. चितू पेंढारी नर्मदेच्या उत्तरेच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. खानदेशात १८१८पासून ब्रिग्ज कारभार पाहत होता. १८२५मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, म्हणजे डोंगरातल्या लढणाऱ्या माणसांना अखेर सरकारी पगारावर बसवले. हातातली तलवार खाली ठेवायला या प्रदेशाला निदान एक पिढी लागली.

त्या पिढीचे कागद आपल्याकडे आहेत. असीरगडाच्या मातीत नाहीत. आपल्याच घरांतल्या लोखंडी पेट्यांत, माळ्यावर, देवघराच्या फळीखाली आहेत. मोडीतली वतनपत्रे, शिबंदीच्या पगाराच्या याद्या, सावकारी रोखे, 'रामविजया'च्या हस्तलिखित पोथ्या, ज्यांच्या शेवटच्या पानावर लेखनिकाने शक आणि गाव लिहून ठेवलेले असते. तसे शेवटचे पान आपल्यापैकी कोणाकडे असेल तर मला एकदा पाहू द्यावे, ही विनंती. आणि एक व्यवहाराची गोष्ट. कागद जपायचा म्हणून त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती पांढऱ्या कपड्यात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि वर्षातून दोनदा सावलीत वारा द्या. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. माझ्या नातवाला मी यंदाच्या सुट्टीत बाराखडी गिरवायला बसवले आहे. 'क' बरा काढतो, 'ळ' अजून जमत नाही.